औषधाआधी ऊब: रक्ती हगवण लागलेली पिल्लं कशी सांभाळावीत

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. भोरकडे घरामागच्या शेडमध्ये सुधारित गावरान जातीची 60 पिल्लं, आज 24 दिवसांची. सातव्या दिवशी लासोटा (मानमोडीची लस) आणि चौदाव्या दिवशी गंबोरोची लस झालेली. आठवडाभर पावसाची झड. तीन दिवसांपासून पिल्लं पंख पाडून, अंग फुगवून कोपऱ्यात गोळा होतायत, विष्ठेत रक्त दिसतंय, आणि आतापर्यंत 9 गेली. दुकानातून ऑक्सिटेट्रासायक्लिनची पावडर आणून पाण्यातून दिलीत, हळद-लसूणही चारलात, पण फरक नाही. आता ही मानमोडी आहे का आणि कोणतं औषध द्यायचं, असं तुम्ही विचारताय.

मी डॉक्टर नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी झाली आणि निवृत्त झाल्यापासून एक दिवसाची पिल्लं आणून महिन्याची करून विकतो. म्हणजे पिल्लांचं जे वय सगळ्यात नाजूक, त्याच वयावर माझं घर चालतं. लांबून बघता वय, पाऊस आणि रक्त या तीन गोष्टी जुळल्या की पहिला संशय रक्ती हगवणीचाच घ्यायचा. दुकानात तिला कॉक्सिडिओसिस किंवा नुसतं ‘कॉक्सी’ म्हणतात. मानमोडीचं म्हणाल तर तिचं चित्र वेगळं असतं, ते पुढे सांगतो.

औषधाचं नाव आणि माप खाली देतो, पण ते वाचण्याआधी शेडमध्ये जा आणि एक सुस्त पिल्लू उचलून त्याचे पाय स्वतःच्या गालाला लावा. धडधाकट पिल्लाचे पाय कोमट लागतात. आजारी पिल्लाचे गार लागतील, सकाळी हौदाच्या नळाला हात लावावा तसे. असं गार पडलेलं पिल्लू दाणा टिपत नाही, पाण्याकडे जात नाही, आणि बळेच पाजलंत तर ते पाणी छातीवरच्या पिशवीत तसंच डुचमळत राहतं, पुढे सरकत नाही. औषध पाण्यातून द्यायचं म्हटलं, तर पिल्लू पाणी प्यायला हवं. आणि ते प्यायला हवं तर आधी गरम व्हायला हवं. हा क्रम उलटा केला म्हणून मेलेली पिल्लं मी खूप पाहिली आहेत.

तर आज रात्रीच एक खोका करा. टीव्हीचा किंवा किराण्याचा मोठा पुठ्ठ्याचा खोका घ्या, तळाला कोरडं तूस, त्यावर वर्तमानपत्र नको, पाय घसरतात. जुनं गोणपाट अंथरा. एका बाजूला फूटभर उंचीवर 60 वॅटचा बल्ब लटकवा. बल्ब जुन्या पद्धतीचा, तारेचा हवा. हल्ली दुकानदार एलईडी हातात ठेवतो, त्यानं उजेड पडतो आणि पिल्लं गारठून मरतात. अशी एक रात्र आमच्या शेजाऱ्यानं काढली आहे. बल्ब पुठ्ठ्याला किंवा गोणपाटाला टेकणार नाही, एवढं बघा. खोक्याच्या अर्ध्याच भागात ऊब राहू द्या, म्हणजे पिल्लाला जास्त झालं तर सरकता येईल. बल्बखाली पिल्लाच्या पाठीच्या उंचीला 32 ते 34 अंश सेल्सिअस पुरतात. तापमापी नसेल तर पिल्लंच सांगतात: बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर गार आहे, कडेला जाऊन चोच वासून धापा टाकू लागली तर गरम आहे, सैलसर पसरून झोपली तर बरोबर. वीज गेली तर प्लास्टिकच्या बाटलीत कढत पाणी भरून ती टॉवेलात गुंडाळून ठेवा. शेगडी मात्र बंद खोलीत ठेवू नका, धुरानं आजारी पिल्लांआधी चांगलीच मरतील.

जी सुस्त आहेत ती सगळी या खोक्यात आणा. वेगळी ठेवण्याचं कारण फक्त लागण नाही. धडधाकट पिल्लं आजारी पिल्लांना चेंगरतात, पाण्यापाशी येऊ देत नाहीत आणि मागे रक्त दिसलं की टोचतात. टोचणी एकदा लागली की ती आजारापेक्षा वाईट.

आता पाजायचं कसं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका आजींसमोर मी सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजनं पिल्लाच्या घशात पाणी सोडलं. पिल्लानं दोन आचके दिले आणि माझ्या तळहातावर मान टाकली. आजी काही बोलल्या नाहीत. नुसतं माझ्याकडे बघून आत गेल्या. कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या लगेच मागे, उघडंच असतं. जोरात सोडलेलं पाणी सरळ तिथे जातं. म्हणून ड्रॉपर किंवा कापूस घ्या. पिल्लू फडक्यात सैल गुंडाळा, फक्त डोकं बाहेर. चोचीच्या कडेला, जिथे वरची आणि खालची चोच मिळते, तिथे एक थेंब टेकवा. थेंब आत ओढला जातो, पिल्लू जीभ हलवतं, मान वर करून गिळतं. मग दुसरा थेंब. एका वेळेला 1 ते 2 मिली, दर तासा-दीड तासानं. कंटाळवाणं काम आहे, पण दोन-तीन वेळा पाजल्यावर बरीच पिल्लं स्वतः भांड्याकडे जायला लागतात. मान लुळी पडलेल्या, गिळतच नसलेल्या पिल्लाला काहीही पाजू नका. आधी ऊब द्या, मान धरली तरच थेंब.

पहिल्या दोन-तीन वेळा थेंबाथेंबानं पाजायला माणसांचं ओआरएस चालतं. पुडी ज्या मापाची असेल तेवढ्याच पाण्यात, पाणी कमी करायचं नाही. पिल्लांना मीठ पटकन बाधतं. त्यानंतर औषधाचं पाणीच पाजा.

औषध: अँप्रोलियम. आपल्याकडे बहुतेक 20 टक्क्यांची, पाण्यात विरघळणारी पावडर मिळते. पाकिटावर टक्के वाचा, कारण पुढचं सगळं माप 20 टक्क्यांचं आहे. आजार अंगावर आलेला असताना लिटरला 1.2 ग्रॅम, सलग 5 दिवस. त्यानंतर लिटरला 0.3 ग्रॅम, आणखी एक ते दोन आठवडे. तालुक्याच्या डॉक्टरांना हे माप दाखवून घ्या, त्यांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका. पिल्लं त्यांच्या डोळ्यासमोर असतील, माझ्या नाहीत. तुमची उरलेली 51 पिल्लं या वयात दिवसाला साधारण 3 ते 4 लिटर पाणी पितात, आजारात त्याहून कमी. म्हणून सकाळी 2 लिटर पाण्यात 2.4 ग्रॅम, संध्याकाळी पुन्हा तेवढंच ताजं. उरलेलं ओतून द्या, झाडाखाली, शेडमध्ये नाही. या दिवसांत शेडमध्ये साधं पाणी दुसरीकडे कुठेही ठेवायचं नाही. पन्हाळीखाली साचलेलं डबकंसुद्धा बुजवा. पिल्लं औषधाचं पाणी सोडून तिथे जातात.

चमच्यानं मोजू नका. एक चमचा पावडर म्हणजे किती ग्रॅम हे पावडर किती बारीक, चमचा किती भरला यावर ठरतं. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा आता अगदी स्वस्तात मिळतो. मी दहा वर्षं चमच्यानं औषधं दिली आणि कधी औषधाचा गुण येत नाही म्हणून कंपनीला नावं ठेवली. काटा घेतल्यावर कळलं की माझा ‘एक ग्रॅम’ कधी अर्धा असायचा, कधी दोन.

आणि एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. दुकानदार अँप्रोलियमच्या पाकिटाबरोबर ‘अशक्तपणा जाईल’ म्हणून बी-कॉम्प्लेक्सची बाटली देतो. दोन्ही एकाच पाण्यात पडतात. अँप्रोलियमची रचना जीवनसत्त्व बी-1, म्हणजे थायमिनसारखी असते. रक्ती हगवण घडवणारा आतड्यातला परजीवी थायमिन समजून ते घेतो आणि उपाशी मरतो. तुम्ही खरं थायमिन ओतलंत की परजीवीला तेच मिळतं आणि औषधाची धार जाते. म्हणून अँप्रोलियम चालू असेपर्यंत बी-कॉम्प्लेक्स बंद. रक्त जात असल्यामुळे व्हिटॅमिन ए आणि के मात्र या काळात उपयोगी पडतात. बी-कॉम्प्लेक्स अँप्रोलियम पूर्ण थांबल्यावर द्या.

औषध सुरू केल्यावर पहिले दोन दिवस मरतूक थांबणार नाही. इथे लोक घाबरून तिसरं औषध आणतात. पिल्लानं तुसातून या परजीवीची अंडी टिपल्यापासून साधारण पाचव्या दिवशी रक्त दिसतं. म्हणजे आज ज्यांचं रक्त दिसतंय त्यांच्या आतड्याचं नुकसान औषधाआधीच झालेलं आहे, तिथे औषध फारसं काही करत नाही. ती वाचली तर उबेवर आणि पाण्यावर वाचतील. औषध खऱ्या अर्थानं वाचवतं ते आज चांगल्या दिसणाऱ्या, पण चार दिवसांनी रक्त टाकणार होत्या अशा पिल्लांना. म्हणूनच औषध सगळ्या 51 पिल्लांना द्यायचं, फक्त खोक्यातल्यांना नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीही नवीन पिल्लं रक्त टाकत असतील तर डॉक्टरांशी बोलून औषध बदलावं लागतं. टोल्ट्राझुरिल 2.5 टक्के, लिटरला 1 मिली, सलग 48 तास, एवढंच देतात. अंड्यावर आलेल्या कोंबड्यांना ते देत नाहीत. सल्फाची औषधंही चालतात, पण माप चुकलं तर त्यांनीच रक्तस्राव वाढतो, ती स्वतःच्या मनानं देऊ नका.

ऑक्सिटेट्रासायक्लिन बंद करा. ते जिवाणूंवर चालतं, हा परजीवी जिवाणू नाही. आतड्याला जखमा झाल्यावर जिवाणू मागून शिरतात हे खरं, म्हणून डॉक्टर कधी कधी सोबत अँटिबायोटिक देतात, पण ते त्यांनी ठरवायचं. दुकानदार ‘स्ट्राँग’ म्हणून जे काढून देतो ते घेऊ नका. कोलिस्टिन नावाचं औषध असंच सर्रास चालायचं. माणसांसाठी शेवटचा पर्याय म्हणून राखलेलं ते औषध, म्हणून केंद्र सरकारनं 2019 साली खाद्यासाठीच्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्यावर बंदी घातली. हळद-लसणाला माझा विरोध नाही. चारा हवं तर. त्यानं रक्ती हगवण थांबलेली मी पाहिलेली नाही.

नक्की तीच आहे का, हे बघायचा खात्रीचा मार्ग म्हणजे ताजं मेलेलं पिल्लू उघडणं. डॉक्टर करतील तर उत्तम. स्वतः करणार असाल तर हातमोजे आणि मास्क, घरापासून लांब, खाली वर्तमानपत्र. छातीच्या हाडाच्या खालून कात्रीनं आडवा छेद घ्या. लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं तिथून दोन आंधळ्या नळ्या निघतात, एरवी बोटाच्या पेरापेक्षा बारीक आणि मातकट तपकिरी. रक्ती हगवणीत त्या पिकल्या जांभळासारख्या फुगलेल्या, काळपट लाल असतात आणि कापल्या की आत गोठलेलं रक्त. एकदा पाहिलं की आयुष्यभर विसरत नाही. बाहेरून ओळखायचं तर तुरा आणि पाय पांढुरके पडतात. एक खबरदारी: निरोगी पिल्लूही दर आठ-दहा विष्ठांमागे एकदा चॉकलेटी, चिकट, घाण वासाची विष्ठा टाकतं. ती त्याच आंधळ्या नळ्यांतून येते, ते रक्त नाही. अशा विष्ठेचे फोटो पाठवून घाबरलेली माणसं मला महिन्यातून दोन-तीन तरी भेटतात.

मानमोडीत रक्त हे मुख्य लक्षण नसतं. हिरवट-पांढरी पातळ हगवण, चोच वासून घरघर, आणि काही दिवसांनी मान पिळवटणं, गोल गोल फिरणं, पाय लुळे पडणं. या रोगाला राणीखेत म्हणतात ते उत्तराखंडातल्या गावावरून. त्यावर औषध नाही, लसच. तुमची लासोटा सातव्या दिवशी झाली आहे, दुसरी अठ्ठाविसाव्या दिवशी येते. तोवर पिल्लं आजारी असतील तर लस आठ-दहा दिवस पुढे ढकला, आजारी पिल्लाला लस लागू होत नाही. पाण्यातून लस देणार असाल तर त्या पाण्यात औषध, ब्लिचिंग काही नको. गंबोरोही याच वयात येतो: पांढरी पाण्यासारखी हगवण, पिल्लू स्वतःचीच मागची बाजू टोचतं, मरतूक तीन-चार दिवस झपाट्यानं चढते आणि तशीच उतरते. त्यावरही औषध नाही; ऊब, ओआरएस आणि वाट बघणं.

पिल्लं लक्षणं न दाखवता एका रात्रीत धडाधड गेली, तुरे निळे पडले, डोकं सुजलं, मोठ्या कोंबड्याही जायला लागल्या, तर उघडून बघणं वगैरे काहीही करू नका. हात लावू नका, विकू नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 1962 या क्रमांकावरही फोन लागतो. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्याच नंदुरबारच्या नवापुरात सापडला होता.

आता तूस. खरं तर आजार तिथेच आहे. विष्ठेतून पडलेली परजीवीची अंडी लगेच बाधत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळाली की दिवस-दोन दिवसांत ती पिकतात आणि मग पिल्लाच्या पोटात गेली की बाधतात. पावसाळ्यात ती पिकायला सगळं तयारच असतं. मूठभर तूस उचलून दाबा आणि मूठ उघडा. तूस सुटून पडलं तर ठीक, लाडू झाला तर ओलं आहे. तुमच्याकडे आज लाडू होणार, पैज लावतो. पाण्याच्या भांड्याभोवतीचं आणि रक्त पडलेलं तूस फावड्यानं पूर्ण काढून गोणीत भरा आणि शेडपासून लांब खड्ड्यात टाका. परसात पसरू नका, तिथेच पिल्लं चरणार आहेत. उरलेल्यात थोडा चुना मिसळून रोज हलवा, वर कोरडं तूस घाला. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, भांड्याची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला यायला हवी. आत पाय घालता येत नाहीत आणि सांडतही नाही. फिनाइल शिंपडून उपयोग नाही, या अंड्यांवर ते चालत नाही. उन्हं पडली की पडदे वर करा, वारा खेळू द्या. शेडमध्ये शिरल्यावर डोळे चुरचुरले तर तो अमोनिया आहे, पिल्लांना तो तुमच्यापेक्षा जास्त लागतो कारण त्यांचं नाक तुसापासून चार बोटांवर असतं.

खायला नेहमीचं स्टार्टरच (लहान पिल्लांचं तयार खाद्य) द्या, फक्त थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. खोक्यातल्या पिल्लांना त्यातच थोडा मक्याचा भरडा मिसळून कोमट पाण्यात ओलसर करून द्या आणि अर्ध्या तासात उरलेलं काढून घ्या. ओलं खाद्य पावसाळ्यात दुपारपर्यंत आंबतं. बोटानं भांड्यावर टकटक केलं की पिल्लं येतात, खुडूक कोंबडी चोचीनं करते तसं. मागची जागा विष्ठेनं चिकटून बंद झाली असेल तर ओढून काढू नका, कातडी निघते. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस दोन मिनिटं धरा, सुटतं. मग पुसून खोबरेल लावा आणि पिल्लू बल्बखाली पूर्ण वाळल्यावरच सोडा.

मेलेली पिल्लं ओढ्यात किंवा कुत्र्यांपुढे टाकू नका. तीन फुटांचा खड्डा, त्यात चुना, वर माती. आधी निरोगी पिल्लांचं करायचं, शेवटी खोक्यातल्यांचं, आणि खोक्याकडच्या चपला शेडमध्ये न्यायच्या नाहीत.

पाचव्या-सहाव्या दिवशी खोक्यातलं पिल्लू तुमचा हात आला की पळायला लागेल. तेव्हा बल्ब थोडा वर घ्या, दोन दिवसांत बंद करा आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर ते बाकीच्यांत सोडा. दिवसा सोडलंत तर नवं समजून टोचतात. बरी झालेली पिल्लं या जातीच्या परजीवीला पुढे सहसा दाद देत नाहीत, पण त्यांची वाढ दोन-तीन आठवडे मागे पडते, तेवढी धरून चाला. त्यांच्या विष्ठेतून अंडी अजून पडत असतात, म्हणून नवी एक दिवसाची पिल्लं एवढ्यात आणू नका. ही पिल्लं गेल्यावर सगळं तूस काढा, जमीन घासून धुवा, कोरडी करा, चुना फासा आणि निदान पंधरा दिवस शेड रिकामी ठेवा. उन्हात ठेवता येतील ती भांडी उन्हात.

उद्या सकाळी किती पिल्लं पाण्यापाशी आली आणि तुसाचा लाडू झाला का, ते कळवा. रक्ताची विष्ठा ताजी असतानाच डबीत घेऊन दवाखान्यात नेलीत तर तिथले डॉक्टर ती सूक्ष्मदर्शकाखाली बघू शकतात, नाहीतर पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवतात.